कौतुक करणाऱ्याची चौकशी

कोणी कशाचंही कौतुक केलं की काका आधी चष्मा कपाळावर चढवायचे, बोलणाऱ्याकडे नीट बघून घ्यायचे आणि विचारायचे, "आणि तुमचा त्यात संबंध काय?"

विचारण्यात भांडण नसायचं. कोपरीतल्या एखाद्या वडापावच्या गाडीची कोणी स्तुती केली, तर गाडीवाला त्याचा मेहुणा तर नाही ना, एवढीच शांत चौकशी. डॉक्टर, आंबेवाला, लग्नाचा हॉल, कोणाचीच यातून सुटका नव्हती. एकदा मी बायकोने केलेल्या मेथीच्या लाडवांचं कौतुक केलं तेव्हाही चष्मा वर गेला. तिथे संबंध उघडच होता. म्हणून लाडू त्यांनी खाल्ला आणि मत राखून ठेवलं.

मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते खरेदी खात्यात आणि मी हिशेब खात्यात. कोपरीहून कंपनीची बस निघायची आणि शिळफाट्यावर हमखास अडकायची. तेवढ्या वेळात जगातल्या यच्चयावत गोष्टींवर चर्चा व्हायची. सगळी बस त्यांना काकाच म्हणायची. माल विकायला येणाऱ्यांची गोड भाषा ऐकून ऐकून माणूस असा झाला, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्हीही अशा एखाद्या संशयी माणसाला त्याच्या नोकरीच्या खात्यात जमा करून मोकळे झाला असाल.

मग ती सुपरहिरोची नवी सिरीज आली. तिचा नायक एक किरकोळ नट. दुसऱ्या कोणाची भूमिका करत असताना त्याच्या अंगात खरीखुरी शक्ती येते आणि दिग्दर्शकाने कट म्हटलं की निघून जाते. सेटवर भिंत पेलणारा हा गडी घरी गॅसचा सिलिंडर सरकवताना धापा टाकतो. झालं, बसमध्ये तट पडले. एक गट म्हणे असं आजवर कोणी केलंच नाही. दुसरा म्हणे मारामारी कुठाय, हा तर नुसता ऑडिशन देत फिरतो. कॉम्प्युटर खात्यातले दोघे तर नायकाच्या पोशाखाच्या रंगावरून आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

काका मोबाईलवर एकेक प्रतिक्रिया उघडायचे आणि सिरीज बाजूला ठेवून लिहिणाऱ्याचीच कुंडली काढायचे. "हा बघा. 'डोळ्यांत पाणी आलं' म्हणतोय. गेल्या आठवड्यात याच्या डोळ्यांत मिक्सर बघून पाणी आलेलं." शिव्या देणाऱ्यांवरही विश्वास नव्हता. त्यांना दुसऱ्या कंपनीने बसवलं असेल, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा वैतागून म्हटलं, काका, तुम्हाला काय करायचंय, सिरीज तुमच्या घरची आहे का?

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच सांगितलं, की हो, थोडीशी आहे.

सिरीजमध्ये स्टुडिओबाहेर चहाची टपरी चालवणारी एक म्हातारी होती. ती त्यांची मुलगी. वय पस्तिशीच्या आतलं, पण मेकअपने असं काही केलं होतं की मी चार भाग बघूनही ओळखलं नव्हतं. मुलगी बँकेत होती. एवढ्याशा कामासाठी तिने बिनपगारी रजा घेतली होती आणि आता पुढच्या सीझनला म्हातारीची भूमिका मोठी होणार होती. त्यासाठी नोकरी सोडावी लागणार. तिने वडिलांना विचारलं, बाबा, खरं सांगा, जमलंय का मला? तुम्ही म्हणाल तसं करते.

काकांनी उत्तर दिलं नव्हतं. बाप असल्यामुळे त्यांचं स्वतःचं मत त्यांनीच बाद ठरवलं होतं. म्हणून हा सगळा शोध. ओळख नसलेलं, कोणी न शिकवलेलं एक खरं मत त्यांना हवं होतं. बसमध्ये मुलीचं नाव काढायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली.

एवढी कसली भीती, असं मी विचारलं तेव्हा त्यांची खरी गोष्ट कळली. तरुणपणी ते ठाण्यातल्या एका हौशी नाटक मंडळात होते. काम त्यांना कधी मिळालं नाही. त्यांना मधल्या रांगेत बसवत. ठरलेल्या वाक्याला पहिली टाळी यांनी द्यायची, बाकीचं नाट्यगृह मागोमाग येतं. यात ते वाकबगार होते. त्या टाळ्यांच्या भरवशावर त्यांच्या एका मित्राने सरकारी नोकरी सोडली आणि नट व्हायला गेला. पुढे तो शहाडला एका मंडपवाल्याकडे खुर्च्या लावताना दिसायचा.

"भेटला की विचारायचा, तुला तरी आवडायचं ना रे माझं काम? आणि मी हो म्हणायचो," काका म्हणाले. मग त्यांनी खिडकीकडे तोंड करून मोबाईलवर पुढची प्रतिक्रिया उघडली.

त्यानंतर मी इमानेइतबारे कामाला लागलो. बोलता बोलता टपरीचा विषय काढायचा आणि गप्प बसायचं. पण लोकांना पोशाखाचा रंग महत्त्वाचा. म्हातारीबद्दल कोणी चकार शब्द काढेना. काकांचा चेहरा रोज थोडा उतरत होता आणि मला त्यांची खरंच दया यायला लागली होती.

आणि एक दिवस कँटीनमध्ये, आमच्या मागच्या टेबलावर, लॅबमधली एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "ती चहावाली बघितलीस? मी जाम चिडलेली तिच्यावर. अगं, अडवायचं ना त्याला. आणि मग मलाच रडू आलं."

काका ताट सोडून उठले. चष्मा कपाळावर. संबंध काय, ही सिरीज बघायला कोणी सांगितलं, ठाण्यात कोणी नातेवाईक आहेत का, अशी सरबत्ती सुरू झाली. मुलगी आधी गोंधळली, मग तापली.

"काका, मला रडू आलं. आता त्याचं बिल आणून देऊ का खरेदी खात्यात?"

सगळं कँटीन हसलं. काका मात्र वळून माझ्याकडे बघत होते. मीच तिला पढवलं, अशी त्यांची खात्री झाली होती. संध्याकाळी ते बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसले. मलाही राग आला. एवढी वर्षं शेजारी बसून हीच किंमत का, म्हणून मीही अबोला धरला.

तो त्यांनीच मोडला. एका शुक्रवारी येऊन बसले आणि मला खिडकीची जागा दिली. माफी वगैरे नाही. लॅबमधली ती मुलगी शहाडची आहे, आपल्या कोणाच्या ओळखीची नाही, चौकशी केली, एवढंच म्हणाले. मग मात्र कोपरी येईपर्यंत ते लेकीच्या कामाबद्दल बोलत होते. रविवारी ती घरी येणार होती, तिला समोर बसवून सांगायचं ठरलं होतं.

शनिवारी पहाटे झोपेतच ते गेले.

भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी बाहेरच्या खोलीत एकटीच होती. आई आत पडून होती. थोड्या वेळाने मुलीने विचारलं, बाबा माझ्या कामाबद्दल काही बोलले होते का? मी म्हटलं, खूप आवडलं होतं त्यांना. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत सावरून बसलो.

"या दिवसांत घरी आलेलं माणूस दुसरं काय म्हणणार," ती म्हणाली. बाबांनी शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही, म्हणजे जमलं नव्हतंच. बँकेत परत रुजू होते, असं तिने कळवूनही टाकायचं ठरवलं होतं.

मग मी शुक्रवारचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. "ते म्हणाले, नायकाला निरोप देताना ती शेवटच्या शब्दावर रडायला लागते. ते चुकलं. त्या बाईला रडायला वेळ कुठाय, तिचा गॅस चालू आहे. रडायचं ते बघणाऱ्यानं. एवढं सुधारलं तर तिला कोणाच्या टाळीची गरज नाही. बँकेला रामराम ठोकू दे म्हणाले."

तिने तोंडावर हात धरला. "हे बाबाच," ती म्हणाली.

मग तिने डोळे पुसले, पाठ थोडी वाकवली आणि दाराकडे बघत म्हणाली, "जा तू. पडलास तर इथंच ये. चहा ठेवते." आवाज म्हातारा, कोरडा, कामात असलेल्या बाईचा. शेवटचा शब्द कुठेही हलला नाही. रुमाल मात्र मला काढावा लागला.

आतून तिच्या आईने विचारलं, "कोण बाई आलीय गं? सुतक आहे, चहा नको ठेवू म्हणावं."

मुलगी हसता हसता रडायला लागली आणि आईला सांगायला आत गेली, की बाई कोणी आलेली नाही.