चंद्रावरचा खून आणि आमचे मोरजकर सर

साखळीच्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी मधल्या सुट्टीत विज्ञानाचे शिक्षक पुंडलिक मोरजकर सर डबा घेऊन माझ्यासमोर बसले. नाव नाही, गाव नाही, पहिलाच प्रश्न असा: "बाय, चंद्रावर एखाद्याचा खून करायचा झाला, तर तू कसा करशील?" मी सर्वण गावची, शेतकऱ्याघरची. घाबरून म्हटले, "सर, मी कशाला करू?" "तू नको गे. पण कोणीतरी करायला हवा ना, नाहीतर माझी कादंबरी पुढे कशी जाणार?"

आमचा परिचय झाला तो असा. आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. तो देताना संपादकांनी फोनवर एक अट घातली. "टीचर, त्या कादंबरीचं तेवढं नको हं. विनोदी आहे ती, गौरवग्रंथाला शोभायची नाही." अट मी ऐकून घेतली. पाळणार मात्र नाही. सरांनी आयुष्यात जे जे केले त्यात ती कादंबरी सगळ्यांत वरची आहे, आणि ती न वाचताच तिचा निकाल लावणारे लोक आज पहिल्या रांगेत बसणार आहेत.

'चंद्रावर महाजन मेला' हे तिचे नाव. डिचोली तालुक्यातले एक अख्खे गाव देवासकट आणि भांडणांसकट चंद्रावर जाऊन काचेच्या घुमटाखाली राहते. एका सकाळी देवळाचे महाजन, म्हणजे देवस्थान समितीचे अध्यक्ष, घुमटाबाहेर सापडतात. अंगावर फक्त सोवळे, आणि मेलेले. तपास कोण करतो? तर पहाटे भोंपू वाजवत घरोघर पाव पोचवणारा यंत्रमानव, म्हणजे गावचा पदेर. पोलीस डोके खाजवत बसतात, पण याला आठवते की प्रेत सापडण्याच्या आधीच अध्यक्षांच्या घरून निरोप आला होता, आजपासून पावाचे उंडे कमी टाक. खाणारे एक तोंड घटले आहे, हे त्या घरात कोणाला तरी अगोदरच ठाऊक होते! असा पुरावा सुचायला सरांसारखे पेडण्यात पदेराची वाट बघत लहानाचे मोठे व्हावे लागते. मी वाचताना इतकी हसले की घरच्यांना वाटले, हिला काहीतरी झाले.

पण आपल्याकडे पुस्तक वाचत नाहीत, पुस्तकात ओळखीची माणसे शोधतात. कादंबरीतले अध्यक्ष नारळ फोडला की मोठी कवड आपल्याकडे ठेवतात. झाले! तालुक्यातल्या प्रत्येक अध्यक्षाला तो आपणच वाटला. त्यांतल्या एकांनी तर ते जिवालाच लावून घेतले. गावाचे नाव मी घेत नाही. त्यांनी एकच पान वाचले होते. भर बाजारात सरांना अडवून ते ओरडले, "म्हाका कोणें मारलो?" सर शांतपणे म्हणाले, "फुडें वाचात, कळटलें."

त्या गावच्या जत्रेतले नाटक सर वर्षानुवर्षे बसवीत. त्यांना ठेवावे की काढावे, हे देवाला विचारायचे ठरले. मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पडली तर होकार, म्हणजे सर राहणार. उजवी पडली. प्रश्न नीट विचारला नाही म्हणून पुन्हा विचारला. पुन्हा उजवीच! मग पाकळ्या ओल्या होत्या असे कोणीतरी म्हणाले आणि निर्णय समितीच्या बैठकीत झाला. देवाने पास केलेल्या माणसाला यांनी नापास केले, आणि सभामंडपात एकानेही हूं की चूं केले नाही. नंतर दुकानदारांनीही पुस्तके मुकाट परत पाठवली.

सरांच्या मनात तरीही विष आले नाही. माझ्या मात्र आले, ते अजून उतरलेले नाही. त्याच अध्यक्षांचा मुलगा दहावीला विज्ञानात गटांगळ्या खात होता, तर सर त्याला आपल्या घरी बसवून शिकवू लागले. मी भडकले. "सर, तुम्हांला राग कसा येत नाही हो?" तर म्हणतात, "बापायचो राग भुरग्यार कित्याक काडूं?" बापावरचा राग पोरावर कशाला काढायचा! तो मुलगा आज या सोहळ्याचा स्वागताध्यक्ष आहे. भाषणात तो कादंबरीचे नाव घेतो का, ते मी कान टवकारून ऐकणार आहे.

माझी आई बांबोळीच्या इस्पितळात होती, तेव्हा माझे सगळे तास सरांनी घेतले. परत येऊन पाहते तो मुले कवितेतल्या नायिकेचे आसू किती वेगाने खाली पडतील, याचे गणित मांडत होती. त्या दिवसांत मला हसवणारे ते एकटेच होते.

आता खरे दुखणे सांगते. त्या कादंबरीचा दुसरा भाग सर मधल्या सुट्टीत आम्हां शिक्षकांना तोंडीच सांगत असत. पेडण्याची दशावतारी मंडळी शनीच्या कड्यांवर दौऱ्याला गेली आहेत. प्रयोगाच्या मध्येच संकासुर कोसळतो, खरोखर मेलेला. मुखवटा काढतात तर आत मंडळीतला नव्हे, भलताच माणूस! गोष्ट इथवर आली आणि ती बैठक झाली. दुसऱ्या दिवशी सर आले, गप्प जेवले, हात धुऊन वर्गावर गेले. त्यानंतर त्यांनी प्रस्तावना लिहिल्या, स्मरणिका काढल्या, कोणाकोणाची मानपत्रे लिहून दिली. गोष्ट सांगितली नाही ती नाहीच.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले होते. काचबिंदूने एक डोळा गेला आहे, दुसऱ्याला आता सावल्याच दिसतात. मी न राहवून विचारले, "सर, संकासुराचं सोंग घेतलेल्या त्या माणसाला मारलं कोणी?" त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. मग म्हणाले, "बाय, तें म्हाकाय खबर ना. सांगतां सांगतां कळपाचें. फुडें कोणें विचारलेंच ना मगे." खुनी कोण, हे त्यांनाही सांगता सांगताच कळायचे होते. एवढ्या वर्षांत शाल द्यायला सगळे आले, पुढे काय झाले हे विचारायला एक माणूस त्या दारात गेला नव्हता.

म्हणून या गौरव समितीला माझे सांगणे आहे. समई द्या, शाल द्या, भाषणे करा, पण ती कादंबरी पुन्हा छापा. आणि ज्यांना ती शोभत नाही असे वाटते, त्यांनी निदान दुसरे पान तरी उघडावे.

सर, अशा लेखाच्या शेवटी आपल्याला उदंड आयुष्य चिंतायचे असते. मी ते निव्वळ सदिच्छेने चिंतीत नाही, माझा त्यात स्वार्थ आहे. सोहळा आटोपला की मी रोज येईन. आपण सांगा, मी लिहून घेईन. डोळे माझे, हात माझा. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला, उन्हातून हिंडू नका, शंभर वर्षे जगा. त्याहून कमी जगायचे असेल तर देवाच्या मर्जीपुढे माझे काय चालणार? पण खुनी कोण ते सांगितल्याशिवाय जायचे नाही.