कोंबड्यांना जागा

चकल्या तळल्याचा खमंग वास आला की मला हमखास अमेरिकेतल्या कोंबड्या आठवतात. काही वर्षांपूर्वी माझी चुलतबहीण दिवाळीसाठी कॅलिफोर्नियाहून शनिवार पेठेत माहेरी आली, ती टपालाने पाठवायची मतपत्रिका बरोबर घेऊनच. तिकडे म्हणे उमेदवारांबरोबर काही कायद्यांवरही जनताच थेट मत देते. हे ऐकताच काकांनी चष्मा लावला आणि मतपत्रिका ताब्यात घेतली. इथल्या महापालिकेच्या मतदानाला 'ऊन फार आहे' म्हणून न जाणारे काका त्या अख्ख्या राज्याचं घरभाडं, पाणी, दवाखाने असं एकेक निकालात काढू लागले. मग प्रश्न आला, अंडी देणाऱ्या कोंबड्यांना पिंजऱ्यात जास्त जागा द्यावी का? काकांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. तरी गहिवरून म्हणाले, "अगं, द्यायलाच हवी! मुक्या जीवाला साधं वळता येऊ नये म्हणजे काय? कर 'हो'वर खूण." तेवढ्यात काकू झारा घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आपटलेलं कोपर चोळत म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून सांगतेय, ओटा आणि फडताळाच्या मध्ये मला वळता येत नाही. आमचं मतदान कधी?" काका म्हणाले, "दिवाळी होऊ दे, बघू." बहिणीने हसू दाबत पाकीट चिकटवलं. तिकडे तो कायदा मंजूर झाला, कोंबड्या आता ऐसपैस फिरतात म्हणे. काल फराळाला गेलो, तर काकू अजून तिरकी उभी राहूनच चकल्या तळत होती.