धोक्यांना स्थळं शोधणारे काका

लग्नाच्या मांडवात शिरलं की माणसं आधी नवरानवरीकडे बघतात, नाहीतर जेवणाच्या टेबलांकडे. मेश्रामकाका आधी मागचं दार शोधायचे. ते उघडं आहे आणि त्याच्यासमोर खुर्च्यांची चळत लावलेली नाही, एवढी खात्री झाली की मग मोकळ्या मनाने खोव्याच्या जलेबीवर ताव मारायचे. सगळी नोकरी त्यांनी जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात, सुरक्षा विभागात काढली होती. जिथे दारूगोळा भरतात तिथे "काही होत नाही हो" म्हणणारा माणूस चालत नाही. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत काकांचं "और नहीं तो?" तयार असायचं. आमच्या ऑफिसात त्यांचं नावच 'नहीं-तो साहब' पडलं होतं. मी मराठी, म्हणून मला ते काका.

आमचं ऑफिस म्हणजे जबलपुरातल्याच दोन खोल्या. कारखानदारांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून त्यांच्या प्रकल्पांचे अहवाल आम्ही तयार करायचो. निवृत्तीनंतर काका तिथे आले आणि आमच्या प्रत्येक गुलाबी स्वप्नात मिठाचा खडा टाकू लागले. अशा माणसाला लोक रडका समजतात. पण काकांइतका हसरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एखादं नवं संकट सुचलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू लॉटरीच लागली! "भीती पोटात ठेवली तर झोप उडते, बेटा," ते म्हणायचे. "टेबलावर मांडली तर भूक लागते." आणि खरंच समोसे मागवायचे.

रिछाईचे दुबेजी आमच्याकडे आले ते अशाच एका गुलाबी स्वप्नासकट. रिछाई या जबलपूरच्याच औद्योगिक वसाहतीत त्यांचा शेतीच्या अवजारांचा कारखाना होता. सिहोरा आणि कुंडमकडची कितीतरी घरं त्यावर चालत होती. दुबेजींना आता माळव्याच्या पठारावर पवनचक्क्या उभारायच्या होत्या. बँक म्हणत होती, वाऱ्याचा काय भरवसा, कारखाना गहाण ठेवा. दुबेजी सही करायला तयारच होते. काकांनी त्यांच्या हातातलं पेन अक्षरशः काढून घेतलं. "हवा नहीं चली तो? कारखाना भी जाएगा, और कारखाने के लोग भी." तेव्हापासून आमच्यापुढे एकच काम होतं. पवनचक्क्यांना त्यांच्या स्वतःच्या बळावर कर्ज मिळवून द्यायचं आणि कारखान्याला धक्का लागू द्यायचा नाही.

मग काकांची स्थळं पाहण्याची मोहीम सुरू झाली. "धोका काई मरत नाही, बेटा. ज्याले तो झेपन त्याचं घर पाहून द्या लागते." यंत्र बिघडण्याचा धोका त्यांनी यंत्र बनवणाऱ्याच्या गळ्यात बांधला, वीज कोसळण्याचा धोका विमा कंपनीच्या. वारा मात्र कोणी पदरात घ्यायला तयार नव्हतं. "हे पोरगी आपल्याच घरी राहीन," काका म्हणाले. म्हणून त्यांनी अहवालात वाईटात वाईट वर्षाचा वारा धरला, आणि चांगल्या वर्षांच्या कमाईतला एक हिस्सा बाजूला ठेवायचा करार करायला लावला. दुबेजी कुरकुरले, पण काकांनी त्यांना समोसा खाऊ घालून गप्प केलं.

एकदा दुबेजींचा फोन आला, "सब तैयार है, साहब. आकर देख लीजिए." आम्ही माळव्यात गेलो, तर पवनचक्क्यांच्या गावात शिरायच्या एकुलत्या एका रस्त्यावर नवंकोरं, गुलाबी रंगाचं, विटा-सिमेंटचं स्वागतद्वार! वर दुबेजींच्या दिवंगत वडिलांचं नाव. आमच्याकडे माणूस नव्या गावात काही उभारणार म्हटलं की आधी बापाच्या नावाची कमान उभारतो. काका जीपमधून उतरले, कमानीखालून इकडून तिकडे फिरले, आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, "दुबेजी, बहुत सुंदर. पंखा किधर से आएगा?"

पवनचक्कीचं पातं मालगाडीच्या दोन-तीन डब्यांएवढं लांब, आणि तिच्या खांबाचे तुकडे एकेका खोलीएवढे जाड. त्या कमानीतून जेमतेम ट्रॅक्टर जात होता. दुबेजी रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "बाबूजी का नाम है, साहब," एवढंच म्हणाले. मग हळूच त्यांनी सुचवलं की बँकवाल्यांना काही सांगू नये, कर्ज मिळालं की पाहू.

"नाही," काका म्हणाले. "त्यांना सगळ्यात आधी हेच दाखवायचं."

आणि दाखवलंही. बँकेचे साहेब आले तेव्हा काकांनी त्यांची गाडी बरोबर कमानीखाली थांबवली. "सर, ये हमारी पहली गलती है. आइए, बाकी धोके अंदर हैं." ते कडक साहेब आधी दचकले आणि मग खो खो हसले. दुबेजींनी तिथेच सांगितलं की कमान मी पाडणार. दिवसभर त्या साहेबांनी काकांची एकेक सोयरीक तपासली आणि संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "जो आदमी गलती दरवाज़े पर ही दिखा दे, वो और क्या छुपाएगा?" कर्ज मंजूर झालं. कारखाना गहाण पडला नाही.

कमान पाडायच्या दिवशी पहिला घाव दुबेजींनी घातला. काकांनी आधी त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, मगच हातोडा दिला. नावाची पाटी मात्र काकांनी आधीच अलगद काढून घेतली होती. स्वतःच्या शालीत गुंडाळून ती त्यांनी जबलपूरपर्यंत मांडीवर आणली. आज ती रिछाईच्या कारखान्याच्या भिंतीवर आहे. मला काका त्या दिवशी जितके आवडले तितके आधी कधी आवडले नव्हते.

पवनचक्क्या फिरू लागल्या आणि काका-काकू मुलीकडे नागपूरला राहायला गेले. नंतर एका वर्षी वारा खरोखरच पडला. पठारावरची पाती दिवसचे दिवस नुसती उभी होती. पण हप्ते त्या बाजूला ठेवलेल्या हिश्श्यातून वेळेवर जात राहिले. दिवाळीच्या आधी मी रिछाईला गेले, तर फाटकातून माणसं मिठाईचे डबे घेऊन हसत बाहेर पडत होती. कुणी कुंडमच्या बसकडे पळत होतं. मी तिथूनच नागपूरला फोन लावला. काका त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेले. आमचं शेवटचं बोलणं हेच.

"जय भीम, काका. यंदा वारा पडला."

"अन् कारखाना?"

"चालू आहे. आत्ता मिठाई वाटून राहिले. इथं कोणाला काही कळलंसुद्धा नाही."



"मंग फोन काहून करून राहिली?" काका गरजले. "काही झालंच नाही ना!" आणि लगेच फोन बाजूला धरून, आनंदाने फाटलेल्या आवाजात त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अवो, ऐकता का? जबलपूरहून पोरीचा फोन आहे. काहीच झालं नाही म्हणते!"