झोपून बघायचं छत

इंदू गेली तेव्हा मी खाली टपरीवर चहा पीत होतो. नंदुरबारच्या दवाखान्यात तिला ठेवलेलं. सकाळी तिनंच मला हाकललं. म्हणाली, "आठे बठीसन काय करी ऱ्हायनात? जा, चहा पी या. तुम्हनं तोंड दखीसन मन्हं बीपी वाढस." मी गेलो. वर आलो तर तिच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला. सगळी नोकरी जिनं दुसऱ्याच्या पलंगाभोवती पडदे ओढले, तिच्याभोवती कुणीतरी ओढला होता, आणि तोही नीट नाही. एका बाजूनं उघडाच होता. मी आधी तो सरळ केला. मग आत गेलो.

तेव्हापासून मला बसवत नाही. लोक भेटायला येतात, म्हणतात आबा बसा. मी बसतो आणि परत उठतो. ओट्यावर जातो, आत येतो. कोपऱ्यात माझा घोडा उभा आहे, म्हणजे आम्हा रंगाऱ्यांची दोन पायांची शिडी. तो हलवून बघतो, बिजागरी वाजते का ते. कामाला तर आता कुणी बोलवत नाही, तरी बघतो.

मी रंगारी. भिंतीला चुना, दारं-खिडक्यांना ऑइलपेंट. शाळा चौथीपर्यंत. इंदू सरकारी नर्स. तळोद्याच्या बाजारात मला "सिस्टरना नवरा" म्हणूनच ओळखतात. त्यात मला काही कमीपणा वाटला नाही... थोडा वाटायचा, खोटं कशाला लिहू.

तिची बदली वर डोंगरातल्या आरोग्य केंद्रात झाली. तळोद्याहून जीपनं जायचं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना उगाच त्रास नको. तिथं बाळंतपणाची एक खोली, मधोमध लोखंडी टेबल, आणि टेबलाच्या बरोबर वर छताला ओलीचा मोठा डाग. डागात दोन काळे ठिपके. एक बाई कळा देता देता उठून बसली. वर कुणीतरी बसलंय, माझ्या बाळावर डोळा ठेवून आहे, म्हणाली, आणि टेबलावरून उतरून सासूचा हात धरून घरी चालू लागली. इंदू पिशवी घेऊन तिच्यामागं टेकडी चढून गेली. झोपडीतच बाळंतपण केलं. दोघं वाचली. पण इंदू खाली आली ती माझ्यावर तणतणत.

"तो डाग पुसी टाका पह्यले."

"चुना मारी देस. पन वल काय चुनानं ऐकस का?"

चुना मारला. पाऊस लागला आणि डाग परत आला, आधीपेक्षा मोठा. ओल ही अशी चीज आहे. तिला वरून झाकता येत नाही, ती आपली वाट काढते. सगळ्या धंद्यात मी एकाच गोष्टीशी भांडलो, ती ओल. तेव्हा इंदू म्हणाली, जात नसेल तर राहू द्या, आपण त्याचं झाड करू.

तिनं कधी चित्रं शिकली नव्हती. दारासमोर रांगोळी काढायची, तीसुद्धा घाईत. माझे उरलेले डबे तिनं वर नेले. उरलेले म्हणजे कुठले? सरकारी दाराचा तपकिरी, खिडकीचा हिरवा, थोडी नीळ, गेरू. माझा झिजलेला ब्रश कापून बारीक केला. रविवारी दुपारी खोली रिकामी असली की मी घोडा धरायचा आणि ती वर चढायची. त्या डागाचं तिनं मोहाचं झाड केलं. दोन काळे ठिपके ढोलीत गेले, आणि ढोलीत पोपट बसवला. खोड हुबेहूब सरकारी दाराच्या रंगाचं. मी म्हणायचो, याला आता कडी लाव म्हणजे झालं.

मग बायका मागायला लागल्या. एकीला तिच्या माहेरची विहीर पाहिजे. एकीला कोंबड्या. एक म्हणाली, आमचे बैल काढा, एक शिंग मोडलेला. इंदू त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायची, तोडकी मोडकी, आणि त्या खिदळायच्या. बाळंतीण घरी गेली की पुढच्या रविवारी छतावर विहीर यायची. दरवर्षी भिंतींना चुना मारायचं काम माझ्याकडंच असायचं. मी छत तेवढं सोडायचो. त्यावरून कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पण खरं सांगतो, मला ते चित्र आवडायचं नाही. मी रेघ ओळंब्यात मारणारा माणूस. घोडा धरून खालून बघायचो तर सगळं तिरपं. बैल लांबुडके, झाड कलंडलेलं, डोंगरातली पायवाट मध्येच मोठी होत जाणारी.

"हाऊ बैल शे का उंट?"

"तुम्हनासाठे नही शे तो. घोडा धरा गुपचूप."

"तुन्हं झाड पडी ऱ्हायनं, इंदू."

"पडू द्या. तुम्हना डोकावर पडी, मंग मी सुटसू."

थोडं काढलं की ती खाली उतरायची, त्या टेबलावर आडवी व्हायची, छताकडं बघायची, आणि उठून परत वर. मला वाटायचं कंबर टेकत असेल.

एकदा एक साहेब आले होते. त्यांनी दारातून बघितलं, छान छान म्हणाले आणि फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला. इंदू त्यांच्या आडवी आली. "साहेब, या खोलीत फोन निघत नाही." तिचा नियमच होता तो, बाईमाणसाची खोली आहे म्हणून. खोली रिकामी असली तरी नियम. साहेबांनी फोन खिशात घातला. त्यामुळं त्या छताचा एकही फोटो नाही. तो पेपरातही आला नाही आणि माझ्याकडंही नाही. तेव्हा मला त्याचं काय वाटणार होतं.

ती रिटायर झाली, आम्ही कायमचे खाली तळोद्याला आलो. आणि ती गेल्यावर थोड्याच दिवसांत वरच्या केंद्रातल्या आयाबाईचा, जमनाबाईचा, फोन आला. "आबा, आमचा स्लॅब फोडणार. पावसाच्या आत नवा टाकतात. म्हटलं तुम्हाला कळवावं."

मी जीप पकडली. वाटभर मनात भांडत गेलो. मिस्तरीशी, डॉक्टरशी, ज्यानं कुणी सही केली त्याच्याशी. शेजारचा माणूस म्हणाला, आबा, कुणाशी बोलताय? म्हटलं, तुझ्याशी नाही.

खोली रिकामी केलेली होती. टेबल मात्र जागेवरच, जड म्हणून. त्यावर छताचा भाकरीएवढा खपला पडलेला, हिरवा रंग लागलेला. जमनाबाई म्हणाली, बाई नुकतीच शेजारच्या खोलीत नेली होती, नाहीतर पोटावर पडला असता. मी घोडा मागवला, वर चढलो आणि ब्रशच्या दांड्यानं ठोकून बघितलं. सगळीकडं पोकळ. विहिरीखाली पोकळ, बैलाखाली पोकळ. सळ्या गंजून फुगलेल्या. भांडायला काही उरलंच नव्हतं. इंदू असती तर तिनंच पहिला घण मारायला लावला असता.

खाली उतरलो. मिस्तरीला म्हटलं, जरा थांब, चहा पी. जमनाबाईला म्हटलं, तूही बाहेर जा.

"काय करता आबा?"

"झोपतो."

"अहो, ते बायकांचं टेबल आहे! आणि वरून पडलं म्हणजे?"

"पडू दे. आता माझ्या पोटात काय आहे?"

ती तोंडाला पदर लावून गेली. मी खपला बाजूला केला. गुडघे धरून त्या टेबलावर चढलो आणि पाठ टेकली.

झाड सरळ होतं. बैल बैलासारखे, आखूड मानेचे, भरलेले, एकाचं शिंग मोडलेलं. विहिरीत पाणी होतं, ते उभ्यानं मला कधी दिसलंच नव्हतं. ती मोठी होत जाणारी पायवाट डोंगरावरून उतरून थेट माझ्या कपाळाशी येत होती, आपल्या अंगणात खाट टाकून पडलेलं असावं तशी... तिथं पडून ज्या बायका "याहा, याहा" करत आईला हाका मारायच्या, त्यांना घरची वाट दिसत होती. आणि मी त्या बैलाला उंट म्हणत होतो.

मग मी मला शोधलं. इतकी वर्षं घोडा धरणारा, कुठंतरी कोपऱ्यात काढला असेल, टोपीवाला, डबा घेऊन. सगळीकडं बघितलं. नव्हतो. बरोबरच आहे म्हणा. त्या खोलीत पुरुषाचं काय काम.

हात खिशातल्या फोनवर गेला. काढला नाही.

बाहेर येऊन मिस्तरीला म्हटलं, फोड. पहिला घण पडला तेव्हा मी जीपच्या दिशेनं निघालो होतो. नवी सिस्टर, पोरगीच आहे, मागून आली. "आबा, नवीन स्लॅबवर मी काही काढू का? बायका विचारतील." म्हटलं, "घाई नको. आधी ओल येऊ दे. कुठून काढायचं ते तीच सांगते."

आता पाऊस लागून बरेच दिवस झाले. दुपारी मी घरात जमिनीवर पाठ टेकतो. उठतो, फिरतो, परत टेकतो. वर माझंच छत, माझ्याच हातचं, पांढरं, ओळंब्यातलं. बघायला काही नाही. पण इंदूच्या खाटेच्या बाजूला कोपऱ्यात थोडी ओल धरली आहे. मुलगा म्हणाला, आबा, तिथं चुना मारून घ्या, वाढतंय.

म्हटलं, वाढू दे.