मामा, बोट आणि रिकामं पाकीट

वर्धा जिल्ह्यात पैसे मिळवणारे पुष्कळ असतील, बुडवणारे त्याहून जास्त. पण पैसे देण्याची साधी गोष्ट आमच्या मामांइतकी अवघड करून ठेवलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. तळेगावच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. हमाल गाडी रिकामी करून मजुरीसाठी उभा राहिला की मामा गादीवरून म्हणत, "बस पह्यले." त्याला पोत्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचा, घरी कोण कोण आहे ते विचारायचं आणि मग दोन्ही हातांनी मजुरी, वर एक रुपया जादा. उभ्या माणसाच्या हातावर नुसता पैसा टाकणं म्हणजे भीक घालणं, असं त्यांचं ठाम मत. घाईतले हमाल त्यांच्या दुकानाचा माल टाळत. आष्टीच्या बसमध्ये एकदा त्यांनी कंडक्टरला तिकिटाआधी बसायचा इतका आग्रह केला की मागच्या चार जणांची तिकिटं राहून गेली, आणि पुढच्याच थांब्यावर चेकर चढला.

त्यांचा दुसरा नियम लेकीचा. बापानं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा फुकट प्यायचं नाही. कुसुमताई, म्हणजे माझी मामेबहीण, आर्वीला नांदत होती तोवर मामा तिच्याकडे गेले की जेवून उठताना ताटाखाली रुपया ठेवत. पुढे जावयाला सिंगापूरला जहाजांच्या कारखान्यात नोकरी लागली, ताईला तिथं मुलगी झाली, आणि ताटाखालच्या रुपयाचा प्रश्न एकदम आंतरराष्ट्रीय झाला. सरकार तेव्हा डॉलर फार हात आखडून देई. खटपटी करून आम्हा दोघांचे मिळून सोळा हाती आले. मामांनी तत्काळ मुक्काम ठरवला : सोळा दिवस. मामींनी त्या नोटा बंडीच्या आतल्या खिशात घालून वरून अशी टीप मारली की ती पाहून कस्टमचा शिपाईही खचला असता. "लेकीच्या दारात उसवजा, त्याच्या आधी नाई," असं त्यांनी मामांकडून कबूल करून घेतलं.

मी बरोबर निघालो तो इंग्रजी येतं म्हणून. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवत. कामगारांच्या पत्रकांच्या रद्दीवर मी अक्षरं गिरवली. बक्षिसी हा मजुरीवरचा दरोडा आहे, मालकानं द्यायचा पगार गिऱ्हाइकाच्या दयेवर ढकलण्याची ती युक्ती आहे, हे मला मिसरूड फुटण्याआधीच ठाऊक होतं. मद्रासच्या गोदीवर हे मी मामांना ऐकवलं तेव्हा ते लक्ष देऊन ऐकत होते असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते एका हमालाच्या मागे धावायच्या बेतात होते. तो मजुरी घेऊन, न बसता, जादा रुपया न घेताच पळाला होता. ते नाणं मामांच्या मुठीतच राहिलं.

बोट सुटली आणि तासाभरात मामा आडवे झाले. पुढचे चार दिवस त्यांनी समुद्र पाहिला नाही, फक्त बादली पाहिली. ती बादली धरायला होता हसनभाई, आमच्या खोलीचा नोकर, मूळचा रत्नागिरीकडचा. तो मामांचं डोकं मांडीवर घेई, लिंबू-मीठ चाटवी, भटारखान्यातून मऊ भात घेऊन येई आणि "आजोबा, दोन घास," म्हणून लहान मुलासारखं भरवी. तिसऱ्या दिवशी मी त्याला बक्षिसीबद्दलचं माझं मत सांगितलं. त्याच्या स्वाभिमानाला ते पटेल अशी माझी खात्री होती. तो चादर झटकत म्हणाला, "बरोबर आहे साहेब. फक्त पगारात माझं एकट्याचं पोट भरतं. गावाकडच्या सहा माणसांचं बक्षिसीच्या पाकिटांवर चालतं." मग त्यानं उशी फिरवून ठेवली आणि तो गेला. मी ज्यात वाढलो त्या पत्रकांत याला उत्तर असणारच. ते घरी जाऊन शोधायचं म्हणून मी प्रश्न वहीत टिपून ठेवला.

शेवटच्या संध्याकाळी वर बँड वाजत होता आणि मामा पहिल्यांदाच उठून बसले होते. त्यांच्या उशीवर एक पांढरं पाकीट होतं, वर बोटीचं चित्र. मामांनी ते कपाळाला लावून उघडलं, आत पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बापू, कंपनीनं आहेर केला, पण आतलं टाकाचं राह्यलं रे. गुपचूप वापस देऊन ये. चार लोकांत लाज नोको जायले त्यायची." मला सगळं समजावून सांगावं लागलं : पाकीट रिकामंच असतं, ते आपण भरायचं, हसनभाईसाठी. मामांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पाहुण्यालाच पाकीट देऊन भर म्हणणारं यजमानाचं घर त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्यांचा हात बंडीवर गेला.

एक डॉलर म्हणजे लेकीच्या घरचा एक दिवस. मी मामींची आठवण दिली, तत्त्वाचीही दिली. मामा म्हणाले, "तुह्यं तत्त्व खरं असन. पण माहं ओकलेलं त्यानं काढलं, तुह्या तत्त्वानं नाई." आणि माझं दाढीचं ब्लेड मागितलं. बोट हलत होती, खाली नोटा, त्याखाली मामांचं पोट. दोन लाटांच्या मध्ये मी एकेक टाका उसवला. त्यांनी पाच डॉलर काढले, वर रिवाजाचा एक. सोळातले सहा गेले.

हसनभाई आला तेव्हा मामा खाटेच्या कडेला सरकले आणि म्हणाले, "बस."

"आजोबा, प्रवाशाच्या खोलीत आम्हाला बसता येत नाही. हेड साहेब फेरीवर आहेत. नोकरी जाईल."

"मंग मले देता येत नाई."

बाहेर बोळात बुटांचा आवाज यायला लागला, दारं उघडण्या-मिटण्याचा आवाज जवळ जवळ येत होता. हसनभाईची नजर पाकिटावर होती, पाय दाराकडे. त्याच्या सहा माणसांचा विचार माझ्याही मनात आला, आणि मी मामांना जवळजवळ ओरडूनच म्हणालो की द्या हो आता. मामा हलले नाहीत. मग एकाएकी त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि चार दिवस जमिनीवर न टेकलेले पाय खाली टेकवले. "तुले बसता येत नाई तं मी उभा राह्यतो. एक बसेल अन् एक उभा, असं नोको." ते उठले आणि लगेच झोकांडले. हसनभाईनं त्यांचे दोन्ही दंड धरले. तेवढ्यात दार उघडलं.

हेड साहेबानं काय चाललंय ते इंग्रजीत विचारलं. साऱ्या प्रवासात मी भाषांतरासाठी होतो आणि नेमका तेव्हा मला शब्द सुचेना. शेवटी म्हणालो, आमच्याकडे असाच निरोप देतात. साहेब दारातच थांबला. मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी हसनभाईच्या तळहातावर खिशातला गुळाचा खडा ठेवला, घरी आई आहे का विचारलं, तो आहे म्हणाला, आणि मग दोन्ही हातांनी पाकीट दिलं. हसनभाईनं गूळ तिथंच तोंडात टाकला. साहेबानं दार हळूच ओढून घेतलं.

सिंगापूरला दहा दिवस मामा ताटाखाली रोज एक डॉलर ठेवून रुबाबात जेवले. अकराव्या दिवशी त्यांनी एकादशी जाहीर केली, बाराव्या दिवशीही. ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. बाहेर येऊन तिनं बापापुढे ताट मांडलं आणि म्हणाली, "बाबा, इथं आपला रुपयाबी चालते. असन तं ठेवा." मामांनी मद्रासच्या हमालाचं ते नाणं काढलं. दुपारी ते झोपले की ताई नाणं परत त्यांच्या बंडीच्या खिशात टाकी. दुसऱ्या दिवशी तेच नाणं ताटाखाली. मामांना कळत नव्हतं असं नाही. उठल्यावर ते खिसा चाचपत आणि खिडकीबाहेर बघत.

परत येताना बोट मद्रासच्या गोदीला लागली तेव्हा मामांनी खिशात हात घातला आणि ते तिथंच एका पेटीवर बसले. नाणं खिशात होतं; शेवटच्या जेवणानंतरही ताईनं ते परत टाकलं होतं. समोर हमाल खोळंबला होता.

"बापू," मामा म्हणाले, "निघाच्या दिवशीचं जेवण फुकट झालं रे."

त्यांनी हमालाला शेजारी बसवून घेतलं, गूळ दिला, माझ्याकडून मजुरी आणि वरचा रुपया देववला. ते नाणं मात्र दिलं नाही. मामा गेले तेव्हा ते त्याच बंडीच्या आतल्या खिशात सापडलं; वरून मामींची टीप होती, आणि मामींनी ती आम्हाला उसवू दिली नाही.