भरवायचं नाही

डॉ. क्षितिजा राऊत यांचा मला पहिल्याच दिवशी सणकून राग आला. लकव्यानं ह्यांचा उजवा हात गेलेला, म्हणून मी डब्यातला वरणभात कालवून ह्यांना भरवत होते, तर बाईंनी येऊन माझं मनगटच धरलं.

"काकू, भरवायचं नाही. तुम्ही भरवत राहिलात तर त्यांचा हात कामच विसरेल. सांडू दे, तास लागू दे, प्रल्हादकाका स्वतःच्या हातानं जेवतील."

माझ्या नवऱ्याला मी भरवायचं नाही? म्हटलं, काळीज आहे की दगड या बाईला!

मनवेलपाड्यात, आमच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावर त्यांचं पुनर्वसन केंद्र आहे. लकवा झालेले, पाय गमावलेले, मणका मोडलेले लोक तिथे पुन्हा उठायला-बसायला शिकतात. औषधं थोडी, मेहनत फार. त्यामुळे सुरुवातीला लोक बाईंना डॉक्टर मानायलाच तयार नव्हते, 'मालिशवाली' म्हणायचे. नातेवाईक सांगायचे, बाळंतपणं कर, दारात रांग लागेल. बाई कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नाहीत. पापडीचे फ्रेडरिक दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते, ते काठी टेकत चर्चमध्ये मिस्साला गेले तेव्हा कुठे लोकांची तोंडं बंद झाली. केंद्राला चौदा वर्षं झाली आता. नियम मात्र सगळ्यांना तोच.

गंमत अशी की या बाईंना स्वतःला डॉक्टर होईस्तोवर आईनं भरवलं होतं. वटारला त्यांची वाडी. आई कृष्णाबाई पहाटे मोगरा खुडून यायच्या आणि पुस्तकात डोकं घातलेल्या लेकीच्या तोंडात घास घालायच्या. बाईच हसत हसत सांगायच्या हे.

गेल्या श्रावणात कृष्णाबाईंना लकव्याचा झटका आला. त्यांचीही उजवी बाजू गेली. लेक रोज त्यांना केंद्रात आणायची. दुपारी जेवणाच्या टेबलावर त्या आमच्या समोरच बसायच्या. चमच्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळलेलं. तोंडापर्यंत चमचा जाईस्तोवर निम्मा भात मांडीवर. बाई शेजारी हाताची घडी घालून उभ्या असायच्या. किती ताठा, असं मला वाटायचं. घडी सोडली असती तर हात आपसूक पुढे झाले असते, हे मला फार उशिरा कळलं.

कार्तिकात कृष्णाबाईंनी वाटीभर दहीभात एकटीनं संपवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई आत गेल्या आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर आल्या.

त्यानंतर आठवड्याभरातलीच गोष्ट. शुक्रवार होता. कृष्णाबाई दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बाय, आज तू भरव ना. एकच घास."

"आई, तुला येतं आता. जेव."

"येतं ते खरं. पन तुझ्या हातचा पाहिजे."

बाईंनी हाताची घडी आवळली. मग म्हणाल्या, "उद्या भरवते. आज तूच जेव."

मी उठले होते. म्हटलं, आपणच भरवावा एक घास. पण बाईंच्या धाकानं पुन्हा बसले. त्या बसण्याची मला आजही लाज वाटते. कृष्णाबाई निमूट जेवल्या. एक शीतसुद्धा सांडलं नाही.

शनिवारी पहाटे दुसरा झटका आला आणि घरातच सगळं संपलं. मी वटारला पोचले तेव्हा बाई आईच्या तोंडात पळीनं गंगाजल घालत होत्या. ते ओठांच्या कडेनं ओघळत होतं. बाई पुसायच्या आणि पुन्हा घालायच्या. शेवटी शेजारच्या धोंडूबाईंनी त्यांच्या हातून पळी काढून घेतली.

तेरावं झालं, केंद्र उघडलं. बाई पूर्वीसारख्याच, तोच आवाज, तीच शिस्त. दुपारी मी डबा उघडला, चमचा ह्यांच्या हातात दिला.

"मनोरमाकाकू," बाई म्हणाल्या, "पहिला घास तुम्ही भरवा. रोज. एकच. बाकीचं काका जेवतील."

सात महिने मी या परवानगीसाठी मनातल्या मनात भांडले होते. मिळाली तेव्हा अशी मिळायला नको होती. मी घास उचलला, ह्यांनी तोंड उघडलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. आज हाताची घडी नव्हती. ते रिकामे हात कुठे ठेवावेत, हेच त्यांना कळत नव्हतं.