उताणी खुरं
आयोडिनचा वास आला की मला साखरा गावातला तो गोठा आठवतो. जनावरांचा डॉक्टर होऊन मला तेव्हा तीनच महिने झाले होते. म्हैस अडली होती, पारडाची दोन खुरं तेवढी बाहेर दिसत होती. "पुढचे पाय आहेत, डोकं मागं वळलंय," मी बघताक्षणीच सांगून टाकलं. म्हशीची मालकीण साठीची बाई होती. ती चाचरत म्हणाली, "मला अडाणीला काय कळतंय सायेब, पण खुरं उताणी दिसून राहिलीत. मागचे पाय तर न्हाईत?" मी हसलो आणि कोपरापर्यंत हात घालून डोकं शोधत राहिलो. बऱ्याच वेळानं हाताला लागली ती शेपटी. मग आम्ही दोघांनी सगळा जोर लावून ओढलं. पारडू निघालं, पण श्वास घेईना. मी त्याची छाती चोळत होतो, म्हैस त्याला चाटत होती. शेवटी बाईनंच माझा हात धरला. "राहू द्या आता. मीच जरा जोरानं सांगाया पायजे होतं," ती म्हणाली. चूक माझी होती, एवढंच बोलायचं होतं, पण मी आयोडिनच्या पाण्यात हात धूत बसलो. पुढं कितीतरी अडलेल्या म्हशी मी सोडवल्या. चूक माझी होती, हे तिला सांगायला मात्र अजून गेलेलो नाही.